संत मार्गारेटच्या चित्रामागची नावं

आधीच सांगते, या फोरमवर असल्या अनुभवांखाली सगळ्यात खवचट कमेंट्स माझ्याच असतात. "पुरावा दाखवा" म्हणणारी ती मीच. आज माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी मूळची नागपूरची, अमेरिकेत ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. नवरा आदित्य पुण्याचा, आयटीत. शेजारच्या घरात रूथ राहायची – ऐंशीच्या पुढची, एकटी, भारी चौकस. मी तिला रूथमावशी म्हणायचे, तिला ते आवडायचं. तिच्या हॉलमध्ये पोस्टकार्डाएवढं एक छापचित्र होतं. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून छापलेलं, रेनेसान्स काळातलं, म्हणजे पाचेकशे वर्षं जुनं. संत मार्गारेट, पायाशी ड्रॅगन. बाळंतिणींना सांभाळणारी म्हणे. एकदा मावशीनं फ्रेममधून काढून मागची बाजू दाखवली. तिथे एकाखाली एक सात नावं, प्रत्येक वेगळ्या अक्षरात. वरची तपकिरी शाईतली, सगळ्यात खालचं 'थॉमस' पेन्सिलीनं.

"हे आधीचे मालक का?" मी विचारलं.

"जुन्या चित्रांच्या एका डीलरलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "बिचाऱ्यानं वर्षभर शोधलं. एकाचाही पत्ता लागला नाही." आणि तिनं विषय बदलला.

हे ऑगस्टमधलं. मला तेव्हा तिसरा महिना होता, तिला अजून सांगितलंही नव्हतं. सप्टेंबरमध्ये रूथमावशी गेली.

फेब्रुवारीत आमची मुलगी झाली... आणि तीन दिवसांत गेली. हृदयात दोष होता.

जन्माच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, हॉस्पिटलात तिच्या काचेच्या पेटीशेजारी बसून मी तिचं नाव ठरवलं. मनातल्या मनात. आईनं फोनवर बजावलं होतं, "बारशाआधी नाव फोडू नकोस गं, बाराव्या दिवशी आत्या कानात सांगेल." एरवी मी असलं काही ऐकणारी नाही. पण आपलं मूल नळ्यांना जोडलेलं असलं की माणूस काहीही ऐकतो! आदित्यलाही बोलले नाही. फॉर्मवर नुसतं 'बेबी गर्ल'. नंतर फ्युनरल होमवाल्यानं नाव विचारलं, आदित्यनं माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली. बारसंच झालं नाही, तर नाव कुठलं?

मूर्ख बाई! तीन दिवस जगली पोर आणि तिला एकदाही कुणी नावानं हाक मारली नाही. मीसुद्धा नाही. त्यानंतरही ते नाव मी तोंडातून काढलं नाही. आदित्य अधूनमधून विचारायचा, "अगं, तू काही ठरवलं होतंस का?" मी चिडून "नाही" म्हणायचे.

एप्रिलमध्ये एका शनिवारी सकाळी रूथमावशीची भाची कॅरल आली. मावशीच्या बँक लॉकरमध्ये एक सीलबंद पाकीट सापडलं होतं, वर आमचा पत्ता. बँकेच्या नोंदीप्रमाणे ऑगस्टअखेर मावशीनं ते ठेवलं, त्यानंतर लॉकर आत्ताच उघडला, असं ती म्हणाली.

आत ते चित्र होतं. आदित्यनं ते उलटं केलं. कॅरलनं थॉमसच्या नावावर बोट ठेवलं. "हा मावशीचा मुलगा. चार तास जगला. ही सगळी तशीच बाळं आहेत. जिचं बाळ जातं तिच्याकडे हे चित्र येतं, आणि मालकी बाळाची."

थॉमसच्या खाली आठवं नाव होतं. पेन्सिलीनं, मावशीच्या थरथरत्या अक्षरात.

"मग ही केतकी कोण?" कॅरलनं विचारलं.

आदित्य नम्रपणे म्हणाला, "सॉरी, या नावाचं आमच्याकडे कोणी नाही. चुकून आलं असेल."

मी तिथेच कार्पेटवर बसले.

"आहे," मी म्हणाले. "आपली मुलगी आहे ती."

आदित्यनं कागदाकडे पाहून हळूच म्हटलं, "केतकी." पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं, पलीकडच्या खोलीतल्या कुणाला हाक मारावी तसं. मग आम्ही दोघंही रडलो – फेब्रुवारीपासून एकत्र असे पहिल्यांदाच. कॅरल बिचारी हातात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती.

आता तुमचे प्रश्न मला ठाऊक आहेत, मीच विचारले असते. नाव कुठे लिहिलं होतं का? नाही. कुणाशी बोलले होते? नाही. आणि मी ते ठरवलं तेव्हा मावशीला जाऊन पाच महिने झाले होते. योगायोग म्हणून स्वतःला समजावून झालं. तिला आधीच कळलं होतं तर मला सावध का नाही केलं, याचा भयंकर रागही येतो.

चित्र आमच्या हॉलमध्ये लावलं आहे. घरी आलेलं कुणी विचारतं, "छान आहे, तुमचं का?"

आदित्य सांगतो, "नाही, केतकीचं."