रिकामा परत गेलेला डबा

शाळेतून निवृत्त झाले आणि माझी बडबड ऐकायला दिवसभर घरात कोणी उरलं नाही, म्हणून बंगळूरच्या लेकीनं टॅबवर एक गेम घालून दिला. टुमदार गाव, आपलं शेत, दहा-बारा शेजारी. भाजी लावायची, शेजाऱ्यांना नेऊन द्यायची, की त्यांच्या नावापुढं लाल बदाम भरत जातात. "आई, यात भांडण नाही, टेन्शन नाही," ती म्हणाली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शेजारच्या बेकरीवालीला मी रोज काहीतरी द्यायची. "अय्या, माझ्यासाठी? किती गोड आहेस तू!" असं ती इंग्रजीत म्हणायची. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दहाव्या दिवशीही तेच. मुळा दिला तरी गोड, मध दिला तरी गोड. चिडून एकदा नदीकाठचा दगड दिला. तिनं तोंड जरा वाकडं केलं. म्हटलं, आता रंगणार! दुसऱ्या दिवशी बघते तर बया पुन्हा हसतमुख. पुढं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे टॅबला हात लावला नाही. परत गेले तर म्हणते, "आज हवा किती छान आहे!" अगं भवाने, तीन आठवडे कुठं मेली होतीस म्हणून विचार की! हे शेजारी लिहिणाऱ्याला बहुतेक शेजारच नसावा.

आमच्या शहापूरच्या गल्लीत असली बाई एक दिवस टिकली नसती. तिथं माझ्या दाराला लागून आक्काचं दार. नवऱ्याच्या हातमागासाठी ती कट्ट्यावर बसून सुताच्या कांड्या भरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायची. मला शाळेतून यायला अर्धा तास उशीर झाला की सुरू, "कुठं गेलतीस गं? पोरगी दोनदा दारात येऊन गेली. जेवू घातलंय तिला." आधी शिव्या, मग चहा. माझ्या आमटीला तिनं तीस वर्षांत एकदाही चांगलं म्हटलं नाही. "लई पचपचीत. मीठ मिळंना व्हय तुमच्यात?" डबा मात्र चाटूनपुसून. आणि परत यायचा तेव्हा त्यात काहीतरी असायचंच. भरीत, चटणी, काही नसलं तर चिमूटभर साखर. रिकामं भांडं परत गेलं की संबंध संपला, हा गल्लीचा कायदा.

तो मोडला मीच. पिरनवाडीला घर बांधून सामान हलवलं, त्या दिवशी आक्काचा पितळी डबा माझ्याकडं होता. स्वयंपाकघर सगळं पोत्यात बांधलेलं, बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारतोय. डबा घासून लख्ख केला आणि तिच्या सुनेच्या हातात ठेवला. रिकामा. वाटेत लक्षात आलं, पण म्हटलं, एवढ्याचं काय धरून बसणार आहे!

ती धरून बसली. दोन वर्षं फोन नाही. मीही केला नाही, माझाही ताठा काही कमी नाही.

बेकरीवाली हवेचं कौतुक करत होती त्या दुपारी मला आक्काच्या शिव्यांची इतकी आठवण आली की रडूच फुटलं. टॅब ठेवला, शेंगदाणे-गुळाच्या शेंगपोळ्या केल्या, माझाच एक डबा भरला आणि रिक्षानं शहापूर गाठलं.

आक्का कट्ट्यावरच होती. माग कधीच विकलाय, त्यामुळं हात मोकळे. मला बघून हसली. "या, बसा. चहा घेनार? यंदा थंडी बरी पडलीया, न्हाय?"

ही तर माझी बेकरीवाली! शिवी नाही, चौकशी नाही. पाहुण्यांच्या कपबशीत चहा आला. पंधरा मिनिटं आम्ही दोघी थंडीवर बोललो. आता उठावं लागेल असं वाटलं तेव्हा मी डबा तिच्यापुढं सरकवला.

"आक्का, चुकलं माझं. त्या दिवशी डबा रिकामा पाठवला."

तिनं झाकण काढलं, पोळीचा तुकडा मोडला, सावकाश चावला.

"गूळ कमी पडलाय," ती म्हणाली. "आणि दोन वरसं कुठं मेलतीस गं?"

मी डोळ्याला पदर लावला.

"आता रडतीस कशाला?" ती ओरडली. "ऊठ, आत चल. डबा रिकामा न्हिऊ देनार न्हाय मी."