डॉकच्या डोळ्याला कुंकू

माझे धाकटे दीर ट्रकच्या मागं उभे राहायचे. तेच त्यांचं काम. वाळूजच्या आमच्या कारखान्यात माल भरायला गाडी आली की ती उलटी घ्यावी लागते. तिची मागची बाजू डॉकला टेकवायची, मग आतून क्रेट सरळ गाडीत ढकलता येतात. डॉक म्हणजे छातीएवढ्या उंचीचा सिमेंटचा ओटा. ड्रायव्हरला मागचं धड दिसत नाही, म्हणून आमचे भाऊजी ओटा आणि गाडी यांच्या मधल्या जागेत उभे राहून ओरडायचे, ‘येऊ दे, येऊ दे, जरा डाव्या अंगाला, येऊ दे.’ गाडी अगदी अंगाशी आली की बाजूला सरकायचे. मी त्याच कारखान्यात माल रवाना करायच्या खात्याची सुपरवायझर. रोज ते बघायची, आणि भाऊजी बाजूला होईपर्यंत माझ्या हातातलं काम तसंच राहायचं.

ती नोकरी त्यांना मीच लावून दिली होती. ते दोघं नवराबायको गंगापूरकडचं गाव सोडून आमच्याकडं राहायला आले, तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, ‘लेकरू तुझ्या हवाली करते.’ लेकरू म्हणजे चांगला मिशीवाला बाप्या. पण सासूनं हवाली केलेलं माणूस म्हणजे काय, ते ज्या सुनेला माहीत तिलाच माहीत. घरी ते मला वहिनी म्हणायचे, कारखान्यात मॅडम. मी घरी भाऊजी म्हणायची आणि कारखान्यात काहीच म्हणायची नाही, नुसती ओरडायची.

आमच्या डॉकचं तोंड मावळतीला, वर पत्र्याचं छप्पर. दुपार कलली की ऊन थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत, आणि आरशात बघावं तर छपराखालचा काळोख. त्यात माणूस उभा आहे का खांब, काही कळायचं नाही. मी साहेबांच्या कानीकपाळी ओरडत होते की मागं माणूस नको, दिवे लावा. साहेब म्हणायचे, ‘इतकी वर्षं चाललंय, झालंय का काही?’ मी म्हटलं, झालं नाही म्हणजे होणार नाही, असं कुणी लिहून दिलंय का? साहेब हसले. मग शेजारच्या एका कारखान्यात एक माणूस असाच मधे सापडला. त्याला उचलून नेलं तेव्हा आमच्या कुंपणाशी आम्ही सगळे उभे होतो, साहेबसुद्धा. त्यानंतर मला कुणी हसलं नाही.

दिवे आले. जमिनीतच बसवलेले, वर जाड काच, गाडीच्या जागेच्या दोन्ही कडांना हिरव्या दिव्यांची रांग. ड्रायव्हरनं दोन रांगांच्या मधून सरळ मागं यायचं. ओट्याच्या भिंतीत, रबराच्या दोन ठोकळ्यांच्या मधे, एक गोल काचेचा डोळा. गाडी दोन हातांवर आली की तो तिला बघतो आणि सगळे दिवे लाल होतात. लाल झाले की थांबायचं, मग मुंगीच्या पावलानं टेकवायची. मी सगळ्या ड्रायव्हरांना उभं करून सांगितलं, आता माणसाचं ऐकायचं नाही, दिव्याचं ऐकायचं. मागं कुणी उभं राहणार नाही. पाचोडचा एक ड्रायव्हर होता, आमच्याकडं नेहमी यायचा. तो म्हणाला, ‘मॅडम, गाडी भरायची का नवरी न्यायची? लई रोषणाई केली.’ सगळे खिदळले.

भाऊजी मात्र हसले नाहीत. त्यांचं वेगळंच. गाडी वळताना चाक दिव्यांवरून जातं, ते त्यांना बघवेना. ‘दिव्यावरून चाक घालायचं? दिव्याला पाय लागला तर आपण हात जोडतो.’ मी म्हटलं, अहो, तो दिवा समईतला नाही, बसवलाच आहे चाकाखाली. पण त्यांनी ड्रायव्हर लोकांच्या डोक्यात ते भरवलं, आणि आठवडाभर झाडून सगळ्या गाड्या दिवे चुकवत वाकड्यातिकड्या लागल्या. डॉक आणि गाडीच्या मधे फट राहायची, क्रेट अडकायचे. मी चिडले. म्हटलं, तुम्हाला दिव्यांची दया येते, त्या माणसाची येत नाही का, जो शेजारी सापडला? मग त्यांनी ड्रायव्हरांना सांगणं सोडलं. पण संध्याकाळी जेवताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, ‘दिव्यानं माझी जागा घेतली. आता मी तिथं काय करू, दिव्यांची आरती करू?’

मी त्यांना आत, क्रेट बांधायच्या कामावर घेतलं. हळूहळू रुळले. मागून त्यांचा आवाज येईना, तेव्हा आधी मला चुकल्यासारखं व्हायचं, मग बरं वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायला लागलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. काम अर्ध्या दिवसाचं, पण अगदी गरजेच्या गाड्या पूजेनंतर निघतात. सकाळपासून झेंडूची तोरणं, कुणी मशीन पुसतंय, कुणी ट्रकच्या चाकाखाली लिंबू ठेवतंय. मी नवी साडी नेसून गेले होते. बघते तर भाऊजी डॉकखाली उकिडवे बसलेले, समोर ताम्हण, आणि जमिनीतल्या एकेका दिव्याला हळदकुंकू वाहतायत. मला बघून जरा लाजले. म्हणाले, ‘मॅडम, आता ह्यांचं नि माझं जमलं.’ मला फार आनंद झाला. माणूस रुसवा सोडतोय, तर आपण कशाला मधे पडा, म्हणून आत गेले.

दुपारी ऊन उतरणीला लागलं तेव्हा प्रसाद वाटून झाला होता. कुणीतरी स्पीकरवर गाणी लावलेली, आवाज असा की शेजारचा माणूस काय म्हणतो ते कळू नये. पाचोडचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. बॉनेटवर हार, आरशांना गोंडे. त्यानं गाडी वळवली आणि दिव्यांच्या रांगेत उलटी घ्यायला लागला. मी ओट्यावर उभी होते. गाडी सरळ येत होती, दिवे हिरवे, सगळं कसं शिकवल्यासारखं. आणि मग माझं लक्ष खाली गेलं.

भाऊजी भिंतीशी वाकले होते. दिव्यांची पूजा झाली होती, नारळ फोडायचा राहिला होता. भिंतीच्या पायथ्याशी ते नारळच फोडत होते, गाडीकडं पाठ करून. गाण्याच्या गोंगाटात त्यांना गाडी ऐकू आली नाही म्हणावं, तर तसंही नव्हतं. त्यांनी एकदा मान वळवून बघितलं. हिरवे दिवे बघितले आणि परत वाकले. अजून वेळ आहे, लाल लागला की ती थांबतेच, असं त्यांच्या मनात असणार. मी ओरडले, भाऊजी, बाहेर या. कारखान्यात कधी न म्हटलेलं नाव तोंडातून गेलं, पण ते स्पीकरच्या खाली दडपून गेलं. ड्रायव्हरला हात केले. तो कुठला बघतोय? त्याच्या डोळ्यांत ऊन, आणि नजर दिव्यांवर. मीच शिकवलेलं, माणसाचं ऐकायचं नाही.

आता लाल लागेल, आता लागेल, म्हणून मी बघतेय. गाडी दोन हातांवर आली. दिवे हिरवेच. ओट्याच्या कडेवरून वाकून बघितलं आणि मला भिंतीतला तो डोळा दिसला. त्याला भाऊजींनी अख्ख्या अंगठ्यानं ओलं कुंकू लावलं होतं, देवाच्या कपाळाला लावावं तसं, काठोकाठ. सगळ्या दिव्यांचा म्होरक्या तोच म्हणून त्याचा मान मोठा. कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. डोळ्याला काही दिसतच नव्हतं, तर तो लाल कसा करणार?

मी ओट्यावर पालथी पडले. हात खाली घातला आणि तळव्यानं कुंकू पुसलं. निघेना. नुसतं सारवल्यासारखं पसरलं. भाऊजींनी तेवढ्यात गाडी बघितली आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बाजूला सरकायला एकीकडं रबराचा ठोकळा, दुसरीकडं पूजेचं ताम्हण नि टोपली, आणि त्यांचा पाय टोपलीत अडकला. त्यांचे डोळे माझ्याकडं. मी पदर तोंडात घेतला, थुंकीनं भिजवला आणि त्या डोळ्यावर घासला. घासला, घासला. माझ्या हातामागं गाडीची मागची फळी येत होती, तिची ऊब मला लागत होती. आणि दिवे लाल झाले.

ब्रेक लागला. फळी भाऊजींच्या छातीपुढं थांबली.

त्यांना बाहेर ओढून काढलं तेव्हा ते पांढरेफटक पडले होते. ड्रायव्हर गाडीतून उतरला आणि चाकाला टेकून खालीच बसला. कुणीतरी गाणी बंद केली. भाऊजींनी माझ्या पदराकडं बघितलं, लाल झालेला, ओला. त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, ‘वहिनी, कुंकवावर थुंकलात?’

मला इतका संताप आला की मी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. सगळ्यांच्या देखत, पोराला घालावा तसा. आणि मग मलाच रडू आलं.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. साहेबांनी हुकूम काढला की डॉकवर पूजा बंद. दिवे बसवणारा माणूस येऊन डोळा पुसून गेला, म्हणाला रोज सकाळी फडकं मारत जा. चूक कुणाची, यावर लोक बोलले. काही जण माझ्याकडंही बोट करायला लागले, की मॅडमनंच माणूस काढून दिवे आणले. मी ती चूक अंगावर घेतली नाही आणि घेणारही नाही. मला वाटलं, झालं ते झालं, फडकं मारू, पूजा लांबून करू, संपला विषय.

घरी मात्र माझ्या जावेनं, म्हणजे भाऊजींच्या बायकोनं, त्यांना कामावर जाऊ द्यायचं नाही म्हणून हट्ट धरला. रडली नाही, भांडली नाही. नुसतं म्हणाली, ‘मला ती जागा बघायची हाय.’ दसरा झाल्यावर एक दिवस ती डबा घेऊन गेटवर आली. भाऊजी आत क्रेट बांधत होते, त्यांना कळलंसुद्धा नाही. मी तिला डॉकवर घेऊन गेले. एक गाडी टेकायच्या आधी दोन हातांवर थांबली होती, दिवे लाल. ड्रायव्हरला सांगितलं, इंजिन बंद कर आणि खाली उतर. मग तिला दाखवलं, हे इथं उभे होते, फळी इथपर्यंत आली.

ती त्या जागेत जाऊन उभी राहिली. भिंतीला पाठ लावून, अगदी तसंच. मग तिनं आपला हात छातीपुढं आडवा धरला आणि बोटं पसरून वीत घातली. किती जागा उरली होती, ते तिला मापायचं होतं. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, व्हय, एवढीच.

तिनं हात तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, ‘अक्का, तुम्ही व्हत्या म्हणून वाचले.’

मी म्हटलं, जाऊ दे ते.

‘नाय,’ ती म्हणाली. ‘तुम्ही त्या दिवशी रजेवर असत्या तर?’

मी त्या डोळ्याकडं बघत राहिले. रोज फडकं मारलं तरी उद्या धूळ बसेल, कोळी जाळं करील, कुणी पान खाऊन पिंक टाकील. डोळा आंधळा झाला की दिवा हिरवाच राहणार. आंधळ्याला सगळं मोकळंच दिसतं, आणि ड्रायव्हर त्याच्या भरवशावर येतच राहणार. त्या दिवशी ओट्यावर कुणी असेलच असं नाही.

मी तिला गेटजवळच्या बाकावर बसवलं. पहारेकऱ्याला सांगितलं, गेट लाव, एकही गाडी आत घेऊ नकोस. बाहेर रस्त्यावर रांग लागली, भोंगे वाजायला लागले. साहेब धावत खाली आले. ‘अहो मॅडम, डोळा पुसलाय ना? दिवे चालू आहेत ना?’ मी म्हटलं, चालू आहेत, पण उलटे चालू आहेत. डोळ्याला दिसेनासं झालं तर दिवा लाल राहिला पाहिजे. समोर काही नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं तरच हिरवा. तसं करून द्या. साहेब म्हणाले, त्याला दिवस लागतील, माल तुंबेल. मी म्हटलं, मग तोवर तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहा, मी गाड्या घेते आत.

साहेबांनी एकदा भिंतीकडं बघितलं, मग खिशातून फोन काढून दिवेवाल्याला लावला.

मी गेटकडं वळले. जाऊ बाकावर तशीच बसली होती, डबा मांडीवर. तिचा उजवा हात अजून छातीपुढं आडवा होता, बोटं पसरलेली. मी शेजारी बसले, तरी तिनं तो खाली घेतला नाही.