कळवतो म्हणालो होतो

सिनेमातला नायक प्रेयसीचा फोन आला की मोबाईल उशीखाली ढकलत होता आणि सगळं थिएटर हसत होतं. शेजारी बसलेली माझी मुलगी हसली नाही. महिनाभर ती ज्याला भेटत होती, तो आठ दिवस तिच्या मेसेजला उत्तर देत नव्हता.

“बाबा, नुसतं ‘नाही’ म्हणायला काय जातं रे यांचं?”

लग्नाआधी मी एका घरी मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे खाल्ले, तिच्याशी तासभर बोललो, निघताना तिच्या वडिलांना ‘कळवतो’ म्हणालो आणि कधीच कळवलं नाही. नकार देणारा वाईट ठरतो. मला चांगलं राहायचं होतं. त्या चांगुलपणाची आता लाज वाटते.

हे मी मुलीला तिथेच सांगितलं. माझ्या हातावरचा आपला हात तिने हळूच काढून घेतला.