मधली काडेपेटी

आईच्या मयताचे फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि माझं डोकंच फिरलं. सहा फोटो होते. सहाही फोटोंत तिच्या हातातल्या रोझरीचा मणी न् मणी मोजून घ्यावा इतका स्पष्ट, आणि चेहरा पुसट. ओळखू येत होता, एवढंच.

शवपेटी मिटण्याआधी घरच्यांनी भोवती उभं राहून फोटो काढायचा, ही आमच्या भुईगावातली रीत. परदेशात, बोटीवर असणाऱ्यांना तेवढंच शेवटचं दर्शन. माझ्या थोरल्या भावाला आखातातून सुट्टी मिळाली नव्हती. कॅमेरा आदल्या नाताळला त्यानेच आणून दिलेला. फोनवर तो एकच वाक्य बोलला होता, "आईचा चेहरा तेवढा नीट काढ."

आणि चेहराच गेला होता! मला त्या कॅमेऱ्याची शिसारी आली. म्हणे फोकस आपोआप होतो. भिकार यंत्र! फोटो भावाला ईमेलने धाडले आणि दुसऱ्या दिवशी यंत्राचा गुन्हा सिद्ध करायला बसलो. जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलं. त्यावर तीन काडेपेट्या बोटबोटभर अंतराने तिरक्या रांगेत, एकीमागे एक उभ्या केल्या. कॅमेरा स्टँडवर, नेम मधल्या काडेपेटीवर. फोकस चुकत असेल तर पुढची किंवा मागची स्पष्ट येणार.

शेजारची काकू दारातून म्हणाली, "अरे, आई जाऊन आठवडा नाय झाला, नि हा काय खेळ मांडलायस?"

मी वीस वेळा बटण दाबलं. वीसही वेळा मधलीच काडेपेटी स्पष्ट आली, तिच्या कडेवरच्या ओरखड्यांसकट. कॅमेरा ठणठणीत होता.

मग आठवलं, असं लिहिणार होतो. पण ते खोटं. विसरलो कधीच नव्हतो. कॅमेऱ्यातून पाहिलं तेव्हा फोकसचा लाल ठिपका आईच्या चेहऱ्यावरच होता. नाकपुड्यांत कापूस, ओठ काळसर, जरासे उघडे. मला किळस आली. जिने माझा शेंबूड पदराने पुसला, त्या बाईची किळस! तो ठिपका मीच अंगठ्याने खाली सरकवला, रोझरीवर आणला आणि सहाही वेळा तिथेच ठेवला. आता तीच किळस स्वतःची येत होती. आंघोळ करूनही जाईना.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आलो तर भावाचा फोन.

"फोटो बघितले रे. कॅमेराच खराब निघाला का?"

टेबलावर काडेपेट्या अजून तशाच उभ्या होत्या.

"हो," मी म्हणालो.

पलीकडून तो मग म्हणाला, "चूक माझीच. दुकानात नीट तपासून घ्यायला पाहिजे होता मी."