मंजुळाच्या खळ्यातलं पाणी

शिरगावात मंजुळाचं घर रस्त्याच्या उताराला आहे. दारात खळं, आणि त्या खळ्यावर ती जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवते. नवरा कमलाकांत बोटीवरून आणतो त्यातलं ओलं बाजारात जातं, बाकीचं तिच्या वाट्याला. वाकून पसरायचं, उलटायचं, कावळे हाकायचे, ऊन उतरलं की भरून ठेवायचं. लग्न झाल्यापासून हेच. आता बसली की उठावंसं वाटत नाही.

नवा रस्ता झाला तेव्हा त्याच्या कडेला, डांबराच्या खाली, भोकाभोकांचा पाइप पुरला गेला. त्याचं तोंड नेमकं तिच्या खळ्याशी निघालं. मुकादम म्हणाला, "मावशी, रस्त्याच्या पोटात मुरलेलं पाणी इथून बाहेर पडणार. हे बुजवू नका, नाहीतर रस्ता आतून कुजेल."

पाऊस संपला की पाणीही संपेल, असं मंजुळाला वाटलं. दसरा झाला, ऊन कडक झालं, तरी पाइप झिरपतच होता. खळ्याला ओल आली. जवळा वरून कुरकुरीत आणि खालून काळा. गिऱ्हाईक मूठभर उचलून हुंगायचं आणि पुढच्या बाईकडे जायचं. एका दुपारी तिनं फाटक्या जाळ्याचा बोळा पाइपात कोंबला, वर चिखल थापला. पावसाआधी काढू, असं मनाशी ठरवलं.

पावसाच्या तोंडावर घराचं छप्पर दुरुस्तीला निघालं, बोट किनाऱ्यावर ओढायची होती, सुनेला, हेमालीला, दिवस गेले होते. बोळा राहिला.

गणपतीच्या सुमारास दारातला रस्ता आधी फुगला, मग खचला. दोनदा खडी पडली, दोनदा उखडली. मुलगा निमेश पालघर स्टेशनपर्यंत रिक्षा चालवतो. त्याच खड्ड्यात रिक्षाचं पुढचं चाक वाकलं, तेही दुसऱ्यांदा.

"खाल्ले पैसे कंत्राटदारानं, दुसरं काय!" जेवता जेवता तो म्हणाला. "मी रिक्षा विकतो. बोईसरला कंपनीत लागतो. दोस्तानं खोली बघितलीय. हेमालीलाबी नेतो."

मंजुळाच्या ताटातला भात तसाच राहिला.

सकाळी निमेश गॅरेजला गेल्यावर हेमाली भांडी घासताना हळूच म्हणाली, "आई, तो बोळा काढायचा का?"

"तुला ठाव होतं?"

"मी तवा कपडे वाळत घालीत होते."

"मग बोलली का नाय?"

"सासूला कोन शिकवनार?"

बोळा काढला तर पाणी खळ्यात येणार. ते खाडीकडे न्यायचं तर चर काशीबाईच्या परसातून खणावा लागणार. काशीबाई थोरली जाऊ. वाटणीत विहीर कुणाची यावरून दोघींचं बोलणं तुटलं होतं, ते अजून जुळलेलं नव्हतं. मंजुळा तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आज वाट चुकलीस?" काशीबाईनं बोंबील साफ करता करता विचारलं.

"पायपाचं पानी काढायचंय. तुझ्या कुंपनाच्या कडंनं."

"तो पायप तर तू बुजवलायस. माझंच जाळं घेऊन! मला काय डोळे नायत?"

मंजुळाला वाद घालायचं त्राण नव्हतं. "फाटकं होतं," एवढंच ती म्हणाली.

"फाटकं माझं होतं." काशीबाईनं बोंबलाचं डोकं उडवलं. "खण जा. पन केळीच्या मुळाला धक्का लागला तर बघ."

निमेश परत आला तेव्हा आई चिखलात बसून पाइपातून जाळं ओढत होती. ते सुटलं आणि काळं पाणी भसकन तिच्या साडीवर आलं. तिनं तिथंच बसून त्याला सगळं सांगितलं.

"आणि मी स्टँडवर कंत्राटदाराला शिव्या देत फिरतोय!" तो ओरडला. "चाक काय, रिक्षा काय... आई, तू रोज ऐकत होतीस ना गो?"

"ऐकत होते."

तो आत गेला. बाहेर आला तेव्हा हातात फावडं होतं. त्यानं केळींपर्यंत चर खणला. मग थांबून, तिच्याकडे न बघता विचारलं, "खोलीवाल्याला काय सांगू?"

तुझं तू बघ, असं म्हणणं सोपं होतं.

"जाऊ नको," मंजुळा म्हणाली.

"मग खडी टाकायला येतील त्यांना पाइपाचं तू सांगायचं. मी तोंड दाखवनार नाय."

"सांगते."

त्यानं पुन्हा फावडं मारलं. मंजुळानं पदर खोचला आणि खळ्यातलं पाणी खराट्यानं चराकडे लोटायला घेतलं.