जिरं जमलं त्या सकाळी

आई सकाळी गेली. त्याआधी ती कढी प्यायली, आणि त्या कढीला जिऱ्याची फोडणी मी दिली होती.

तिला सांभाळायला मी साताऱ्याची ग्रंथालयातली नोकरी सोडून सांगलीला आले होते. आई मूळची वडूजची. अंथरुणाला खिळली, तरी जीभ शाबूत होती. तेलात जिरं पडलं की आतल्या खोलीतून आवाज येई, “जाळलंस! पळी उतरवल्यावरबी जिरं भाजत ऱ्हातं, कवा कळायचं तुला? पुस्तकात न्हाई व्हय लिवलेलं?”

ती खरं सांगत होती. मी पळी जरा जरा आधी उतरवू लागले. तिच्या तोंडून एकदा ‘जमलं’ एवढंच मला ऐकायचं होतं.

त्या सकाळी जिरं तांबूस झालं, काळं पडलं नाही. आदल्या संध्याकाळी पुण्याहून आलेल्या धाकट्या बहिणीने वाटी आत नेली आणि आईला चमच्याने कढी पाजली. आईला एव्हाना माणसं धूसर दिसायची.

“आज जमलंय जिरं. धाकटे, तूच केलीस न्हवं कढी?”

बहिणीने दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. “व्हय, आई.”

“वाटलंच. थोरलीला जरा शिकवून जा.”

पळी माझ्या हातातच होती. मी ती घासायला नेली. घासून परत आले तेव्हा आई गेली होती.

सुतकात आमच्याकडे फोडणी देत नाहीत. आम्ही बिनफोडणीचं वरण जेवत होतो आणि बहीण येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, “आईने शेवटचा घास माझ्या हातचा घेतला.” गोडाच्या दिवशी पहिली फोडणी कुणी द्यायची, याचा निकाल मावशीने लावला.

“धाकटीच दील. लय नशिबाची हाय ती. तू आपली ताटं मांड.”

जिरं तेलात टाकल्यावर बहिणीला फोन आला. ती बोलत राहिली. जिऱ्याचा कोळसा झाला.

मावशीने आमटी भुरकली आणि डोळ्यांना पदर लावला. “अगदी आक्काच्या हातची चव!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काळे दाणे ताटाच्या कडेला काढत होते.

“काय निवडत बसलीस गं? बहिणीचं कवातरी ग्वाड मानून घ्यावं.”

आईची आठवण म्हणून पळी बहिणीने पुण्याला नेली. आईने अंथरुणात बसून, बोटांनी चाचपून निवडलेलं जिरं माझ्याकडे बरणीत आहे. त्यात काड्या राहिल्या आहेत.