पाच ओळींचं पत्र

लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात विद्यापीठाने नगरला सहा आठवड्यांचा एक वर्ग काढला. सकाळी इंग्रजी आणि उर्दू, दुपारी व्यापारी पत्रव्यवहार आणि टायपिंग. मी तेव्हा सोनईच्या शाळेत मास्तर होतो. मे महिन्याची सुट्टी होती, आणि एखाद्या कचेरीत खुर्चीवर बसून साहेबी करायची हौस भारी. नाव घालायला मी एका पायावर तयार होतो. वर्गात आम्ही वीसजण, म्हणजे बोटं दोनशे आणि टाइपरायटर दोन. त्यामुळे टायपिंगपेक्षा रांगेत उभं राहायचंच शिक्षण जास्त झालं.

पहिल्या दिवशी उशिरा पोचलो म्हणून मला पश्चिमेच्या खिडकीजवळचा बाक मिळाला. दुपारी तिथे वांग्यासारखं भाजून निघायला व्हायचं. माझ्या शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ बसले. भिंगारच्या छावणीला खोगिरं आणि लगाम करून देणारे. सगळा वर्ग त्यांना चाचा म्हणू लागला, मीही म्हणू लागलो. छावणीतले घोडे जाऊन आता मोटारी आल्या होत्या, आणि मोटारीला खोगीर लागत नाही. चाचांच्या दुकानात दोन जुने कारागीर रिकाम्या हातांनी बसून होते. मुंबईची एक कंपनी मोटारींच्या चामडी गाद्या बाहेरून शिवून घेते, असं त्यांच्या कानावर आलं होतं. तिला इंग्रजीत लिहायचं, एवढ्यासाठी हा माणूस पोराटोरांच्या बाकावर येऊन बसला होता.

"ते काम मिळालं तर दुकान ऱ्हातंय मास्तर, न्हाईतर कुलूप," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

साहेबांत वावरल्यामुळे बोलायचं इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा बरं यायचं. लिहायचं म्हटलं की मात्र घाम फुटायचा. मी त्यांना स्पेलिंगं सांगायचो, ते मला मधल्या सुट्टीत चहा पाजायचे. माझ्या आईचा गुडघा धरतो, हे मी एकदा सहज बोलून गेलो होतो. त्यानंतर रोज पहिल्या घोटाला विचारणा ठरलेली. "आईचा गुडघा कसा हाय? गाय व्याली का? हिरीला पानी किती हाय?" मी आपला "बरं आहे, बरं आहे" म्हणत चहा संपवायचो. माझं लक्ष स्पेलिंगांत.

प्राध्यापक विद्यापीठातून आलेले, कडक इस्त्रीचे, मनगटावरचं घड्याळ टेबलावर काढून ठेवून शिकवणारे. माणूस चांगला होता, पण शिस्तीचा. व्यापारी पत्र पाच ओळींचं, असा त्यांचा नियम. कोण, काय हवं, किती, केव्हा आणि सही. आपल्याकडची क्षेमकुशलाची पत्रं म्हणजे वेळेची नासाडी, असं ते म्हणाले तेव्हा चाचा उभे राहिले.

"साहेब, ज्याच्याकडं काम मागायचं, त्याला कसा हायेस एवढंबी इचारायचं न्हाई? आमी कुत्र्याला भाकर टाकताना सुदिक आधी हाक मारतो."

"चाचा, कंपनीला तब्येत नसते," प्राध्यापक हसून म्हणाले.

"कंपनीला नसंल. पत्र उघडनाऱ्याला असती की."

वर्ग खो खो हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

चौथ्या आठवड्यात प्राध्यापकांनी प्रत्येकाला खरंखुरं पत्र, खऱ्या ठिकाणी पाठवायला सांगितलं. उत्तर आलं की ते वर्गात वाचायचं. चाचांचं अक्षर म्हणजे पावसातली वाट. म्हणून त्यांचं पत्र उतरवून पोस्टात टाकायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात एका खोगिरावर बसलो आणि ते सांगू लागले. साहेबांची तब्येत कशी आहे, घरी बायकामुलं खुशाल आहेत ना, मुंबईत हवा कशी आहे, इकडे ऊन फार आहे, पण आम्ही सारे मजेत आहोत. मग इकडच्या मजेतल्यांची हकीकत सुरू झाली. माझी पेन्सिल केव्हाच थांबली होती, आणि कानही. कामाचा मजकूर आला तेव्हा ती पुन्हा चालू झाली.

"समदं लिवलं ना?" त्यांनी विचारलं.

"खोलीवर जाऊन सुवाच्य लिहितो," मी म्हणालो.

खोलीवर मी पाच ओळी लिहिल्या. कोण, काय, किती, केव्हा, सही. स्वतःची समजूत घातली की मुंबईचा मॅनेजर हसेल, चाचांचंच हसं होईल. खरं कारण वेगळं होतं. पत्र माझ्या अक्षरात जाणार होतं, आणि मला माझ्या इंग्रजीची अब्रू प्यारी होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो, दुसरं काय! पाकीट बंद करून मी ते पोस्टात टाकलं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. सगळ्या वर्गात पहिलं. प्राध्यापकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मजकूर दोन ओळींचा. आपलं पत्र मिळालं, असं काम सध्या देता येत नाही. चाचांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाठची बाजू पाहिली आणि मला हळूच विचारलं, "मास्तर, ह्यात माज्या इचारन्याचं उत्तर कुठं हाय?"

मधल्या सुट्टीत मी सगळं सांगून टाकलं. ते रागावतील, निदान चार शब्द सुनावतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"माज्या तोंडातला सलाम तुमी काढून घेतला, मास्तर."

"आपण दुसरं पत्र टाकू. मी शब्द न् शब्द लिहितो."

"पयल्या भेटीत ऱ्हायलेला सलाम दुसऱ्या भेटीत लागू व्हत न्हाई," ते म्हणाले, आणि दोन्ही चहाचे पैसे देऊन वर्गात गेले.

सलाम लिहिला असता तरी नकारच आला असता, असं मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पटत मात्र एकदाही नाही. मला त्या वर्गात पहिला वर्ग मिळाला. सर्टिफिकेट घेऊन मी सोनईला परतलो तेव्हा चाचांचा निरोपही धड घेता आला नाही, इतकी मला लाज वाटत होती.

श्रावणात शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. इंग्रजीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, एकेक अक्षर चामड्यावर टाका घालावा तसं कोरून काढलेलं. मदर्स नी, काऊ, वेल, म्हणजे आईचा गुडघा, गाय, विहीर, सगळ्यांची चौकशी. माझी नोकरी कशी आहे, मी जेवतो का वेळेवर. असं कार्ड गच्च भरलेलं, आणि अगदी तळाला जागा उरली तेवढ्यात एक ओळ: दोन्ही कारागीर गेले, दुकान बंद केलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मी व्हरांड्यात उभा राहून रडलो. पोरं बघत होती, तरी रडलो.

घरी आल्यावर ते कार्ड आईला मराठी करून वाचून दाखवलं. एक शब्दही गाळला नाही. मग उन्हाळ्यात मी काय केलं तेही सांगितलं. आई पाय लांब करून, गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"लई मायेचा मानूस हाय," ती म्हणाली. "त्येच्या घरी कोन कोन हाय रं?"

मी कार्डाकडे पाहिलं. सहा आठवडे मी त्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो, रोज त्याचा चहा प्यायलो होतो. मला माहीत नव्हतं.